नीट द्यायची आहे, मग अकरावीला गणित ठेवायचं की सोडायचं?

दहावीचा निकाल लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीशी एक ठराविक संवाद रोज ऐकू येतो. "मॅडम, हिला डॉक्टर व्हायचंय. गणित काढून टाकू ना?" विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. मुलगी बाजूला उभी असते. गणित सुटणार म्हणून तिचा चेहरा जरा उजळलेला असतो. मागे रांग लागलेली असते आणि क्लार्कला फॉर्म पुढे सरकवायचा असतो. दोन वर्षांचा निर्णय दोन मिनिटांत होतो.

मी जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे खरं तर "काढा गणित, आमच्याकडे या" असं म्हणायला मला काहीच हरकत नसावी. बरीच वर्षं मी तसंच म्हणत होते. आता म्हणत नाही. का म्हणत नाही ते या लेखात सांगते. शेजारच्या शाळांत दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे जरूर वाचावं, कारण मुलं आधी तुम्हाला विचारतात, मग आमच्याकडे येतात.

आधी नियम काय आहे ते पाहू. एमबीबीएसला प्रवेश घ्यायचा तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. गणिताची अट नाही. म्हणजे कागदावर वडिलांचं म्हणणं बरोबरच आहे.

राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानाला साधारणपणे सहा विषय असतात. इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या जागेवर मराठी, हिंदी, संस्कृत अशी एखादी भाषा किंवा आयटी. मग भौतिक आणि रसायन. उरलेल्या दोन जागांवर जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेतले की त्याला आपण 'पीसीएमबी' म्हणतो. गणिताच्या जागी भूगोल, मानसशास्त्र असा कॉलेजात उपलब्ध असलेला विषय घेतला की 'पीसीबी'. तिसरी वाट द्विलक्षीची. त्यात २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय (क्रॉप सायन्स, फिशरी, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे) दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय या दोघांची जागा घेतो. नीटवाली मुलं द्विलक्षी घेतात ती बहुतेक प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी. त्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. विषय आवडत असेल तर घ्यावा.

आता नीटचं गणित. (हा शब्दच बघा कसा मध्ये येतो.) प्रश्न १८०, गुण ७२०. भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. २०२१ पासून काही वर्षं प्रत्येक विभागात जादा प्रश्न देऊन निवडीची सोय होती. २०२५ पासून ती गेली. आता १८० प्रश्न, सगळे सोडवायचे, वेळ १८० मिनिटं.

जीवशास्त्राला निम्मे गुण आहेत हे पालकांना पाठ असतं. त्यावरून ते निष्कर्ष काढतात की जीवशास्त्र पक्कं केलं की झालं. इथेच चूक होते. जीवशास्त्र पक्कं करणारी मुलं खूप आहेत. एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ वाचलेला मुलगा आता अपवाद राहिलेला नाही. ३६० पैकी ३२० ते ३३० गुण मिळवणारी दोन मुलं शेजारी बसवा. त्यांच्यातल्या एकाला सरकारी कॉलेज मिळतं आणि दुसऱ्याला नाही, तो फरक जीवशास्त्रात क्वचितच सापडतो. एकाचे भौतिकशास्त्रात १२० असतात आणि दुसऱ्याचे ४०. गुण समान झाले तर आधी जीवशास्त्राचे गुण बघतात हे खरं. पण तिथवर पोचायला भौतिकशास्त्राचाच पूल ओलांडावा लागतो.

वेळेचंही तसंच. चांगली तयारी असलेला विद्यार्थी जीवशास्त्राचे ९० प्रश्न ४५ ते ५० मिनिटांत उरकतो. उरलेल्या सव्वादोन तासांत भौतिक आणि रसायनाचे ९० प्रश्न. म्हणजे एकाला दीड मिनिट. कॅल्क्युलेटर नाही. लॉग टेबलही नाही. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल वापरता येतं, त्यामुळे मुलांची सवय तशी झालेली असते. नीटला मात्र लॉग २ म्हणजे ०.३०१ आणि लॉग ३ म्हणजे ०.४७७ हे डोक्यात असावं लागतं.

एक साधं उदाहरण. हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण, संहती २ × १०⁻³ मोलार. पीएच किती? ज्याला लॉग कळलाय तो मनातच ३ मधून ०.३०१ वजा करतो आणि २.७ लिहितो. दहा सेकंद. ज्याला कळलेला नाही त्याला पीएचची व्याख्या तोंडपाठ येते आणि तो तिथेच बसून राहतो. मला जीवशास्त्राच्या तासालासुद्धा हे दिसतं. द्विसंकर प्रयोगात ९:३:३:१ हे गुणोत्तर सगळे पाठ करतात. ते तीन-चतुर्थांश गुणिले तीन-चतुर्थांश म्हणजे नऊ-सोळांश, असं संभाव्यतेतून येतं हे समजलेला मुलगा तीन जोड्यांचं गणितही सोडवतो. बाकीचे ६४ चौकटींचा तक्ता काढायला घेतात.

तर मग गणित ठेवावंच, असं म्हणू का? थांबा. तेही इतकं सरळ नाही.

अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकांतलं नीटला नक्की किती लागतं ते आमच्या गणिताच्या सरांबरोबर बसून मी एकदा पाहिलं. अकरावीचे त्रिकोणमितीचे धडे लागतात. फलनांच्या धड्यातला लॉगचा भाग लागतो. सरळ रेषेतला चढ लागतो, कारण भौतिकशास्त्रातला प्रत्येक आलेख म्हणजे चढ आणि क्षेत्रफळ. विकलन लागतं. बारावीतून सदिश, संकलनाची ओळख आणि थोडी संभाव्यता. बाकी संमिश्र संख्या, शांकव, निश्चयक आणि सारणी, गणितीय तर्क, रेषीय प्रायोजन, अवकल समीकरणं यांतलं नीटच्या पेपरला काही लागत नाही. आमच्या अंदाजाने पाव-तृतीयांश भाग कामाचा आणि उरलेल्यासाठी बोर्डाच्या परीक्षेला बसायचं.

त्यात आणखी एक गंमत. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरा धडाच 'गणितीय पद्धती' हा आहे. सदिश आणि कलनाची ओळख तिथे येते. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच मुलांना विकलन लागतं. गणिताच्या पुस्तकात विकलन दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी आहे, म्हणजे ते फेब्रुवारीत शिकवून होतं. त्यामुळे गणित घेतलेला मुलगासुद्धा पहिले सहा महिने भौतिकशास्त्राच्या तासाला चाचपडतच असतो. पीसीबीचा मुलगा मात्र त्यानंतरही चाचपडतो, कारण त्याच्यापुढे फेब्रुवारी येतच नाही.

याचा अनुभव मला एका मुलीमुळे आला. नाव सांगत नाही. आमच्याच तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेली, दहावीला गणितात बेताचे गुण, विज्ञानात उत्तम. आई अंगणवाडीत काम करणारी. प्रवेशाच्या दिवशी आईने मला विचारलं आणि मी म्हणाले, "गणित सोडा, डोक्याला ताप नको. भूगोल घ्या, गुण मिळतील." फॉर्मवर विषयांची नावं मीच लिहिली. मुलगी हुशार निघाली. माझ्या विषयात तिच्यासारखी उत्तरपत्रिका मी फार थोड्या पाहिल्या आहेत. बारावीच्या नोव्हेंबरमध्ये ती एकदा तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, भौतिकशास्त्रात सगळीकडे बाण काढतात आणि त्याचे दोन तुकडे करतात. ते तुकडे का करतात?" दीड वर्ष ती बलाचे घटक काढत होती, कॉस कुठे आणि साइन कुठे हे पाठ करून. का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. क्लासमध्ये ते येतं असं गृहीत होतं, कॉलेजात ते गणिताच्या तासाला झालं असेल असं गृहीत होतं, आणि गणिताचा तास तिला नव्हताच.

त्या वर्षी तिचे जीवशास्त्राचे गुण सरकारी कॉलेजात जाणाऱ्या मुलांइतके होते. भौतिकशास्त्राने खाली ओढलं. एक वर्ष थांबली. क्लासच्या फीसाठी घरात कर्ज झालं हे मला नंतर कळलं. दुसऱ्या वर्षी गुण वाढले, पण पुरेसे नाही. आज ती नर्सिंग करते आहे आणि चांगलं करते आहे, त्याला कमी लेखायचं काही कारण नाही. पण तिला हवं होतं ते हे नव्हतं. आणि त्या फॉर्मवरचं अक्षर माझं होतं.

दुसऱ्या टोकाची उदाहरणंही आहेत. "इंजिनिअरिंगचा पर्याय उघडा राहू दे" म्हणून वडिलांनी चारही विषय घ्यायला लावले. सकाळी कॉलेज, दुपारी नीटचा क्लास, संध्याकाळी गणिताची वेगळी शिकवणी. बारावीच्या दिवाळीपर्यंत पोरगा कशातच नाही. अशा मुलाला गणित सोडू दिलं असतं तर त्याला निदान झोप मिळाली असती.

म्हणून आता मी पालकांना दोन प्रश्न वेगळे करून विचारते. पहिला: डॉक्टरकी नाही झाली तर काय? दुसरा: भौतिकशास्त्रापुरतं गणित मुलाला कुठून मिळणार?

पहिल्या प्रश्नावर पालक रागावतात. "आधीच अपशकुन कशाला?" पण नीटला बसणारे लाखो आणि जागा थोड्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गणित सोडल्यावरही बऱ्याच वाटा उघड्या राहतात. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यक या नीटवरूनच. फार्मसी आणि कृषी सीईटीच्या पीसीबी गटावरून. नर्सिंगची वेगळी सीईटी. बंद काय होतं? अभियांत्रिकीच्या जवळजवळ सगळ्या शाखा, वास्तुशास्त्र, एनडीएतून हवाई दल आणि नौदल, संख्याशास्त्र, कॉम्प्युटरच्या बऱ्याचशा पदव्या. आणि एक वाट अशी अवघड होते जी पालकांना दिसत नाही. आपल्या पुण्यात आयसर आहे. जीवशास्त्रात संशोधन करायचं असणाऱ्या मुलासाठी यासारखी जागा नाही. तिथल्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात. भौतिक, रसायन, जीव आणि गणित, प्रत्येकी १५. ज्याला माणसांवर उपचार करण्यापेक्षा पेशी कशी चालते यात जास्त रस आहे, असा मुलगा दरवर्षी माझ्या वर्गात एखादा तरी असतो. घरचे त्याला नीटच्या रांगेत उभं करतात आणि गणित काढून टाकून त्याची खरी वाटही अवघड करतात.

उलट बाजूने, ज्याने गणित घेऊन जीवशास्त्र सोडलं त्याची वाट आता पूर्वीइतकी बंद नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट केलं की बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येईल. वयाची वरची मर्यादाही २०२२ साली काढली आहे. हे माहीत असावं. पण त्याच्या भरवशावर जीवशास्त्र सोडू नये. ३६० गुणांचा विषय सुट्टीत होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलागणिक वेगळं असतं. दहावीला बीजगणित-भूमितीत मुलगा रमत असेल, नापास होण्याची भीती नसेल, तर चारही विषय घेऊन बारावीला गणिताकडून 'पास झालं की पुरे' एवढीच अपेक्षा ठेवावी. ही अपेक्षा घरातल्या सगळ्यांनी आधीच मान्य करावी, नाहीतर बोर्डात ५२ पडले म्हणून जूनमध्ये रडारड होते. गणिताची खरीच दहशत असेल तर सोडावं. पण सोडताना भौतिकशास्त्राच्या सरांना भेटून विचारावं की पीसीबीच्या मुलांना तुम्ही लॉग, त्रिकोणमिती, सदिश आणि विकलन वेगळं शिकवता का. आमच्याकडे आता अकरावी सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे, रोज एक जादा तास, गणिताचे सर पीसीबीच्या मुलांना एवढंच शिकवतात. परीक्षा नाही, गुण नाहीत. पंधरा-सोळा तासांत होतं. इतर कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की हे करून बघा. प्राचार्यांची परवानगी आणि एक रिकामा वर्ग एवढंच लागतं.

आता पुस्तकांच्या क्रमाबद्दल थोडं, कारण त्याचा त्रास विषय निवडीइतकाच होतो आणि पालकांना त्याचा पत्ता नसतो. नीटचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून होतो. आपल्या मंडळाची पुस्तकं (अकरावीची २०१९ ची, बारावीची २०२० ची) चांगली आहेत, पण धड्यांची वाटणी निराळी आहे. परिवलन गती, द्रवांचे गुणधर्म, उष्मागतिकी, दोलनं हे एनसीईआरटीत अकरावीला, आपल्याकडे बारावीला. स्थितिक विद्युत, विद्युतधारा, चुंबकत्व, प्रकाशिकीचा बराच भाग आणि अर्धवाहक हे एनसीईआरटीत बारावीला; आपल्या अकरावीच्या पुस्तकातही त्यांचे धडे आहेत. जीवशास्त्रात श्वसन-रक्ताभिसरण, चेतासंस्था आणि संप्रेरकं एनसीईआरटीच्या अकरावीत आहेत, आपल्या बारावीत. रसायनात आयनिक समतोल आणि उष्मागतिकीचं तसंच.

म्हणजे मुलगा सकाळी कॉलेजात स्थितिक विद्युत शिकतो आणि दुपारी क्लासमध्ये परिवलन गती. दोन्ही अर्धवट राहतात. यावर उपाय एकच, जूनमध्येच दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून कुठला धडा कधी हे एका कागदावर लिहून काढणं. आणखी एक. एनसीईआरटीने काही धडे कमी केले आणि २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातूनही ते गेले. वनस्पतींमधलं वहन, पचनसंस्था, अन्नोत्पादन वाढीचे उपाय, असे. बोर्डाच्या पुस्तकात ते आहेत. बोर्डासाठी वाचायचे, नीटसाठी त्यांचे प्रश्नसंच सोडवत बसायचं नाही. जुन्या गाईडांवरून अभ्यास करणारी मुलं इथे वेळ घालवतात.

मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांचा प्रश्न तर निराळाच. दहावीपर्यंत पेशी, हरितलवक, गुणसूत्र, विकर, परासरण. अकरावीला एकदम सेल, क्लोरोप्लास्ट, क्रोमोझोम, एन्झाइम, ऑस्मोसिस. मुलाला विषय येत असतो, शब्द येत नसतात, आणि ते त्याला स्वतःलाही कळत नाही. त्याला वाटतं आपण 'ढ' आहोत. पहिल्या आठवड्यात मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखायला लावते, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत. दिवाळीपर्यंत वहीची शेवटची वीस पानं भरतात आणि मग मुलं उघडायचं थांबतात. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, सोबत इंग्रजी असतोच, आणि शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. भाषा अर्ज भरतानाच निवडायची असते. दोन वर्षं इंग्रजीतून शिकलेल्या मुलाने मराठी पेपरकडे आधार म्हणून बघायला हरकत नाही, पण 'मराठी निवडलं की सोपं जाईल' या समजुतीने निवडू नये. परीक्षेच्या खोलीत बसून भाषांतराचा अर्थ लावण्यात मिनिटं जातात.

कॉलेज निवडताना काय बघावं, हे खरं वेगळ्या लेखाचं काम आहे. दोनच गोष्टी सांगते.

एक म्हणजे 'कॉलेजला यायची गरज नाही, हजेरी आम्ही बघतो' असं सांगणाऱ्या ठिकाणी मुलाला घालू नका. मंडळाची ७५ टक्के हजेरीची अट आहे, आणि ती पाळली जात नसेल तर धोका तुमच्या मुलाचा आहे, सांगणाऱ्याचा नाही. पण माझा खरा आक्षेप प्रयोगशाळेचा आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीव यांचे प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते 'मिळतातच' असं सगळे धरून चालतात. मात्र नीटच्या नव्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यं हा वेगळा घटक आहे. व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, अनुनाद नलिका, झेनर डायोड, सगळं त्यात आहे. रसायनातही प्रात्यक्षिकांवरचा घटक आहे. ज्याने स्क्रू गेज हातात धरून शून्य त्रुटी एकदा काढली आहे त्याला तो प्रश्न फुकटचा. ज्याने फक्त चित्र पाहिलं आहे तो अधिक की उणे यात अडकतो. प्रवेश घेण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा बघायला मागा. सूक्ष्मदर्शकांवर धूळ आहे का एवढं पाहिलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट परराज्याची. मुलाला अकरावी-बारावीसाठी राजस्थानात किंवा हैदराबादला पाठवणारे पालक आमच्याही भागात आहेत. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या. त्यांच्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट आहे. केंद्र सरकारी कर्मचारी, सैन्यदलातले लोक अशा काहींना त्यातून सवलत असते. बाकीच्यांनी बारावी बाहेर केली तर उरतो तो देशपातळीवरचा १५ टक्क्यांचा भाग. क्लास कुठेही लावा, पण बारावीचा प्रवेश कुठे आहे ते राज्य सीईटी कक्षाची माहिती पुस्तिका वाचून मगच ठरवा. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या गुणांवर पाणी सोडावं लागलेलं घर मी पाहिलंय.

बारावीनंतर एक वर्ष थांबणारी मुलं विचारतात, बीएस्सीला नाव घालून ठेवू का? घालावं. घरी एकटं बसून राहण्यापेक्षा ते बरं. विषय घ्यायचेच तर रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र. रसायनाच्या पहिल्या वर्षातला अणुरचना, बंध आणि सेंद्रिय अभिक्रियांच्या यंत्रणांचा भाग नीटला उपयोगी पडतो. प्राणिशास्त्राचं तसं नाही. पदवीचा अभ्यासक्रम खोलात जातो आणि नीट एनसीईआरटीच्या ओळीवर थांबते. त्यामुळे पदवीच्या पुस्तकातलं बरोबर उत्तर देऊन गुण घालवलेली मुलंही असतात.

आता प्रवेशाच्या दिवशी मी काय करते ते सांगते. माझ्या पर्समध्ये एक कागद असतो. त्यावर पाच प्रश्न. (१) १० न्यूटनचं बल जमिनीशी ६० अंशांच्या कोनात आहे, आडवा घटक किती? (२) ६ × १०²³ ला ३ × १०⁻⁴ ने भागा. (३) एक पेशी ५० मायक्रोमीटरची, चित्रात ती ५ सेंटिमीटरची काढली, किती पट मोठी केली? (४) वेग-काळ आलेखावरची तिरकी सरळ रेष काय सांगते? (५) एका जोडप्याला पहिली मुलगी झाली, दुसरीही मुलगी होण्याची शक्यता किती? सगळं दहावीपर्यंतचंच आहे. मुलगी तिथेच बाकावर बसून सोडवते, मी आईवडिलांशी बोलत बसते. उत्तरं ५ न्यूटन, २ × १०²⁷, हजार पट, त्वरण, आणि निम्मी.

किती बरोबर आले याकडे मी फारसं बघत नाही. अडलेल्या प्रश्नाशी ती काय करते ते बघते. खोडून पुन्हा करणारी असेल तर चारही विषय झेपतील असं सांगते. कोरा कागद परत देणारी असेल तर भूगोल लिहा म्हणते, आणि तीन आठवड्यांच्या जादा तासाच्या यादीत तिचं नाव तिथल्या तिथे टाकते. परवा एका मुलीने तिसऱ्या प्रश्नावर दहा मिनिटं घालवली. मायक्रोमीटरचं सेंटिमीटर करताना शून्य चुकत होतं. वडील दोनदा म्हणाले, "राहू दे गं, मॅडमना उशीर होतोय." तिने मान वर न करता हात केला, थांबा म्हणून. मी फॉर्म पुढे ओढला आणि सहाव्या रकान्यात गणित लिहिलं. सही मात्र तिला करायला लावली.